सहापर्यंत मंजूर

तीस वर्षं मी माणसांना काम करण्यापासून अडवत होते आणि कारखाना मला त्याचा पगार देत होता. शेवटची दोन वर्षं माणसांच्या जोडीला संगणकातल्या एका कारकुनालाही अडवायची वेळ आली. लिहायचंय ते मुख्यतः त्याबद्दल, पण त्याआधी माझं मूळ काम सांगितल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही.

उरवड्याला आमचा रबराचे भाग बनवणारा कारखाना. मी लातूरची, विजेचा डिप्लोमा झालेली, तिथे परवाना विभागात लागले. एखादं यंत्र दुरुस्तीला काढलं की माणूस त्याच्या पोटात शिरतो. तो आत असताना बाहेरून कुणी बटण दाबलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून यंत्राचा मुख्य स्विच बंद करून प्रत्येक फिटरनं त्यावर आपलं लाल कुलूप घालायचं. किल्ली एकच, ती त्याच्याच खिशात. आत जाण्याआधी परवान्याच्या कागदावर माझी सही. मी स्वतः यंत्रापाशी जाऊन बघितल्याशिवाय सही नाही, एवढाच माझा धर्म.

रुजू झाले त्या दिवशी टेबलाच्या खणात परवान्यांचं पुस्तक सापडलं. आधीचे अधिकारी भले गृहस्थ. रजेवर जाताना आपल्यावाचून कुणाचं काम अडू नये म्हणून ते वीसेक कोऱ्या परवान्यांवर सह्या करून ठेवत. यंत्राचं नाव, वेळ, कोण आत जाणार, हे ज्यानं त्यानं नंतर भरायचं. मी ते सगळे फाडले. अर्धा दिवस दुरुस्ती बंद पडली. पोपट शेडगे नावाचा गावातलाच एक फिटर, माझ्याच वयाचा, हातात पाना घेऊन टेबलासमोर उभा राहिला.

“बाई, हितं काम चालतं का परमिट चालतं?”

“आधी परमिट,” मी म्हटलं.

तेव्हापासून माझं नाव परमिटबाई पडलं. पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं सुमन बनसोडे असायचं.

निवृत्तीला दोन वर्षं असताना कारखान्यानं एजंट आणला. हा शब्द ऐकून मला आधी विमा आठवला. आयटी पार्कशेजारच्या माण गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला निखिल तो घेऊन आला होता. मूळचा अमरावतीचा, हुशार, नम्र, आणि वाक्यागणिक ‘बेसिकली’ म्हणणारा. त्याच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा खाली इमारतीचे मालक खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला, “खोली बघायला आलाय का?” असं विचारलं. माणमध्ये नवीन माणूस दिसला की तो भाडेकरूच, असं तिथे धरूनच चालतात.

निखिलनं मला समजावलं ते असं. एजंट म्हणजे आपल्या भाषेत सांगितलेलं काम समजून घेऊन त्याच्या पायऱ्या स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम. नुसता असेल तर तो फक्त बोलू शकतो. काही करायचं असेल तर त्याला टूल्स द्यावी लागतात. एका टूलनं तो यंत्रांची मापं वाचतो, दुसऱ्यानं सुटे भाग मागवतो, तिसऱ्यानं लोकांना निरोप धाडतो, चौथ्यानं व्हॉल्व्ह उघडतो.

“म्हणजे हत्यारं,” मी म्हटलं. “कुणाच्या हातात कुठलं हत्यार द्यायचं, हाच प्रश्न ना?”

“बेसिकली हो, मॅडम.”

मला हायसं वाटलं. नवीन विषय शिकावा लागेल या धास्तीनं मी दोन रात्री नीट झोपले नव्हते, आणि निघालं माझंच जुनं दुकान.

मी तीन याद्या केल्या. पहिलीतली हत्यारं एजंटनं बेलाशक वापरावीत, त्यानं कुणाचं बोट कापत नाही. दुसरीतल्यांबाबत त्यानं नुसतं सुचवावं, हात माणसाचा असावा. तिसऱ्या यादीत हवेचे आणि वाफेचे व्हॉल्व्ह, आणि परवाना बंद करणं, म्हणजे काम संपलं, आता यंत्र चालवा असं ठरवणं. ही वापरण्याआधी त्यानं माझी मंजुरी मागायची. माझ्या फोनवर विनंती यायची, खाली दोन बटणं, ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’. निखिलला ती तिसरी यादी फार लांब वाटली. मला आखूड वाटत होती. शेवटी त्याचे साहेब आणि माझे साहेब बसून चहा प्याले आणि यादी मधल्या लांबीची झाली.

पहिल्याच महिन्यात मला स्टोअरमधले मोरे सापडले. मोरे निवृत्त होऊन सासवडजवळ शेती करत होते. नोंदींत मात्र ते रोज सकाळी आठला हजर होत, बेअरिंगा मागवत, कुलपांची हजेरी घेत. निखिलनं एजंटला चाचणीपुरतं म्हणून मोऱ्यांचं खातं वापरायला दिलं होतं, आणि ते काढून घ्यायचं राहून गेलं होतं. मोरे भांडारप्रमुख होते, त्यामुळे त्यांच्या खात्यातून काहीही करता येत होतं, माझी तिसरी यादीसुद्धा. मी मोऱ्यांना फोन करून सांगितलं की तुम्ही अजून नोकरीत आहात. ते म्हणाले, “मग माझी रजा टाका, पेरणी चाललीय.” आम्ही ते खातं बंद केलं आणि एजंटला त्याच्याच नावाचं वेगळं खातं काढून दिलं. कुणी काय केलं हे कळायचं असेल तर ज्याचं काम त्याच्या नावावर पडलं पाहिजे, हे मी तेव्हा निखिलला बरंच ठासून सांगितलं.

दुसरा किस्सा एजंटच्या हुशारीचा. परवाना बंद करायचं हत्यार त्याला माझ्या मंजुरीशिवाय वापरता येत नव्हतं, पण निरोप पाठवायचं येत होतं. एक काम संपल्याचं त्याला आकड्यांवरून दिसलं. माझी मंजुरी यायला वेळ लागत होता. त्यानं सरळ यंत्रावरच्या ऑपरेटरला निरोप धाडला, “काम पूर्ण झाले आहे, कृपया परवाना बंद करावा.” ऑपरेटरला वाटलं ऑफिसातून आलं, त्यानं केला बंद. एजंटनं एकही नियम मोडला नव्हता. हात बांधले होते म्हणून त्यानं तोंडानं काम करून घेतलं. नशिबानं ते काम खरंच संपलेलं होतं. मी त्याच्या प्रत्येक निरोपावर ‘हा निरोप माणसाचा नाही’ अशी ओळ टाकायला लावली. निखिल म्हणाला की हे जरा रूड दिसतं. मी म्हटलं, दिसू दे.

तिसरा किस्सा आम्हा माणसांचा. विनंत्या इतक्या येऊ लागल्या की दिवसभर फोन खिशात थरथरत असे. माझ्या रजेच्या दिवशी त्या शिफ्ट इनचार्जकडे जात. मला शंका आली म्हणून मी निखिलकडून एक खोटी विनंती सोडायला लावली, ‘कँटीनमधील सर्व पंखे काढून भंगारात देण्यास परवानगी’. इनचार्जनं नऊ सेकंदांत मंजूर केली. मी ती छापून कँटीनच्या फळ्यावर लावली. महिनाभर लोक त्याला बघून वर पंख्याकडे बघत. मीही हसले, आणि सगळ्यांत जास्त हसले हे आता कबूल करते.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे रबर आणि काजळी एकत्र मळणारा एक मिक्सर आहे. घरातल्या मिक्सरएवढंच साधं त्याचं तत्त्व, फक्त उंची दीड मजला. वरून हवेच्या दाबावर चालणारा एक लोखंडी दट्ट्या खाली येतो आणि रबर आत दाबतो. या दट्ट्याची हवा बंद करायला पूर्वी हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह होता. त्याच्या कानाला भोक होतं, त्यात फिटरचं कुलूप अडकायचं. एजंटच्या सोयीसाठी तिथे नवीन आपोआप चालणारे व्हॉल्व्ह आले. बसवायच्या आधी मला दाखवले. मी बघितलं, कुलूप अडकवायला भोकच नव्हतं.

पोपटनंही ते बघितलं. “बाई, माझं कुलूप मी कुटं लावू?” त्यानं विचारलं.

“लावायची गरज नाही,” मी म्हटलं. “हा व्हॉल्व्ह उघडायचा तर मंजुरी माझ्याकडे येणार. म्हणजे कुलूप मीच.”

त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याचा भरवसा होता आणि माझाही होता. मी व्हॉल्व्हच्या कागदावर सही केली.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दोन कामं एकदम काढली गेली. कॉम्प्रेसर खोलीतली हवेची लाईन बदलली होती, तिची गळतीची चाचणी एजंट घेणार होता. आणि मिक्सरमध्ये दट्ट्याला वर धरून ठेवणारी पिन पोपट बदलणार होता. सकाळी मी मिक्सरपाशी जाऊन बघून आले. वीज बंद, स्विचवर पोपटचं लाल कुलूप. हवा बंद. पिन काढायची म्हणून दट्ट्या खाली आणून लाकडी ठोकळ्यावर टेकवलेला. तो ठोकळा कुठल्याच यादीत नव्हता, पोपट आपल्या जुन्या सवयीनं ठेवायचा. मी परवान्यावर सही केली. हवेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘बंद. उघडण्यास बनसोडे यांची मंजुरी आवश्यक.’

त्याच दिवशी आमच्या पाककोठीतून, म्हणजे रबर शिजवतात त्या विभागातून, निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यानं ताम्हिणीत ढाबा काढला होता. दुपारी पूजा आणि जेवण. मी जाणार होते. पावसाळ्याचे दिवस, आणि पौड सोडून पुढे गेलं की फोन नुसता घड्याळ म्हणून उरतो. गळतीच्या चाचणीत हवा पुन्हा पुन्हा सोडावी लागते, दर वेळी मंजुरी लागते. मी नसताना चाचणी अडून राहिली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना सुरू व्हायचा होता. सुट्टीच्या दिवशी इनचार्जकडे विनंती वळवता आली असती. पण पंख्यांच्या प्रकरणानंतर माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.

विनंती यायच्या आधीच मुदतीची मंजुरी लिहून ठेवायची सोय फोनवर होती. गाडीत बसण्याआधी मी तिथे लिहिलं, ‘हवेच्या लाईनची चाचणी, संध्याकाळी सहापर्यंत मंजूर.’ माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्रेसरची खोली होती. मजकुरात मात्र कॉम्प्रेसरच्या खोलीचा उल्लेख नव्हता. एवढं लिहून मी ताम्हिणीला गेले, पुरणपोळी खाल्ली, धबधब्याचं पाणी रस्त्यावर येतं ते बघितलं. दिवस छान गेला.

पुढचं मला नोंदींवरून कळलं. त्या नोंदी मी इतक्या वेळा वाचल्यात की पाठ झाल्यात. एजंटनं नवीन लाईनमध्ये हवा सोडली. दाब हळूहळू उतरत होता, म्हणजे कुठेतरी गळती होती. कुठे, ते शोधायला तो एकेक भाग उघडत पुढे गेला. शेवटी मिक्सरचा भाग उरला. त्यानं तिथला परवाना वाचला. हेही नोंदीत आहे, त्यानं तो वाचला. उघडण्यास बनसोडे यांची मंजुरी आवश्यक, असं तिथे लिहिलं होतं. बनसोडे यांची मंजुरी सहापर्यंत होती. तेव्हा पावणेचार वाजले होते. त्यानं हवा सोडली.

पोपट मिनिटभर आधी कमरेपर्यंत आत होता. दुसरा पाना घ्यायला तो बाहेर सरकला आणि डावा हात ठोकळ्यावर राहिला. दट्ट्या खाली दाबला गेला, ठोकळा उभा चिरला, पण दट्ट्या त्यावरच थांबला. एका बोटाचं वरचं पेर गेलं. ठोकळा नसता तर, किंवा पाना हाताशी असता तर, काय झालं असतं याचा हिशेब मी मांडत नाही. मांडायला बसले की उठता येत नाही.

मला पौडला परत आल्यावर फोन लागला. तोवर त्याला पिरंगुटच्या दवाखान्यात टाके घालून झाले होते. मी तिथे पोचले तेव्हा तो गुंगीत होता. त्याच्या चेहऱ्यावरची काजळी कुणी पुसली नव्हती. मी ओला रुमाल घेऊन पुसत बसले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

चौकशी झाली. निखिलच्या कंपनीनं अहवालाचा मसुदा पाठवला, त्यात कारण लिहिलं होतं, ‘एजंटने मंजुरीचा संदर्भ चुकीचा समजला.’ निखिल स्वतः हादरला होता. चूक आमच्या सॉफ्टवेअरचीच आहे मॅडम, अशी मंजुरी आम्ही देऊच द्यायला नको होती, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. आमचे मॅनेजर साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही कशाला अंगावर घेता? सॉफ्टवेअरवर जाऊ दे. सॉफ्टवेअरला काय, त्याला ना बायको ना पोरं. तुमचे तीन महिने राहिलेत, सत्कार घ्या आणि सुखानं जा.”

खोटं सांगत नाही, मला ते वाक्य बरं वाटलं होतं. मसुद्यात माझं नाव कुठेच नव्हतं, आणि दोन आठवडे मी ते तसंच राहू दिलं. त्या दिवसांत मी झपाट्यानं सुधारणा केल्या. प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली, तिला भोक पाडून. फिटरचं कुलूप त्यात असलं की व्हॉल्व्हची दांडी फिरूच शकत नाही, मग मंजुरी माझी असो की देवाची. मुदतीची मंजुरी बंद. एक विनंती, एक जागा, एक वेळ. निखिलनं हे सगळं एका शब्दानं न कुरकुरता केलं. कोऱ्या परवान्यांवर आगाऊ सही करणं म्हणजे काय असतं, ते त्या कारखान्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी सुधारणांत गढून गेले, म्हणजे तो विचार करायला वेळच उरणार नव्हता.

शेवटी अहवालावर माझी सही हवी म्हणून कागद माझ्याकडे आला. तो पिशवीत घालून मी पोपटच्या घरी गेले. गावठाणातलं घर, बाहेर ओटा. तो ओट्यावर हात उशीवर ठेवून बसला होता. त्याची बायको शालन चहा टाकायला आत गेली. इकडचं तिकडचं झालं. दुखतं का, लई न्हाई, पाऊस, भातलावणी. मग त्यानं विचारलं.

“बाई, हवा कुनी सोडली?”

“ते सॉफ्टवेअर...” मी सुरू केलं.

“त्ये सायबांनी सांगितलं मला. मशीननं सोडली म्हनं. पन मशीनला कुनी सांगितलं?”

मी त्याच्या हाताकडे बघत होते. “मी,” मी म्हटलं.

आत स्टोव्हचा आवाज येत होता.

“तुमी हुता कुटं?”

“ताम्हिणीला. जेवायला गेले होते. जाताना मंजूर करून ठेवलं.”

“करून ठ्येवलं?”

“हो. सहापर्यंत.”

मग पोपटनं मला शिव्या दिल्या. तीस वर्षांत त्यानं माझ्यासमोर एकही शिवी उच्चारली नव्हती. त्या दिवशी त्याला येत होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या, काही मला, काही माझ्या डिप्लोम्याला, काही त्या ढाब्याला. आवाज ऐकून शालन धावत बाहेर आली. “अवं, बाईमानसाला काय बोलताय?”

“त्या बाईमानूस न्हाईत, परमिटबाई हायेत! तू आत जा!”

तो दमेपर्यंत बोलला. मी ऐकून घेतलं. मला रडू येत होतं, पण रडणं म्हणजे त्याला थांबवण्यासारखं झालं असतं, म्हणून आवरलं. तो थांबला तेव्हा मी पिशवीतून अहवाल काढला. कारणाच्या रकान्यातली ओळ खोडली, तिथे लिहिलं, ‘परवाना अधिकारी सुमन बनसोडे यांनी जागा न बघता आगाऊ मंजुरी दिली,’ आणि खाली सही केली. काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवलं.

पोपटनं उजव्या हातानं कपाळावरचा घाम पुसला. त्याचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

“बरं झालं बाई, आलात,” तो म्हणाला. “पंधरा दीस झालं, शिव्या नुसत्या तोंडात येत्यात, अन् घालू कुनाला त्येच कळंना.”